दर सांगताना

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीचे सौदे. मूळ आवाज थोडा वेळ तसाच चालू द्यावा.]

पोतं सुटतं, हळद खाली ओतली जाते. खरेदीदार एखादं हळकुंड उचलून मोडतात, आतला रंग बघतात आणि लगेच बोली सुरू होते. आकडा बोलायला जो थांबला, त्याच्या हातचा माल गेला. अख्ख्या सांगलीत बोलण्याची एवढी घाई दुसरीकडे कुठे नसेल.

या अडत दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला हा तरुण शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहितो. अक्षर वळणदार आहे. बेरजा मनातल्या मनात करतो. त्याचं नाव त्यानेच सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

[दृश्य: तो कॅमेऱ्याकडे बघून नाव सांगतो. शॉट पूर्ण ठेवावा, मध्ये कापू नये.]

नाव सांगताना तो अडतो ती मधली जागा काढून टाका, असं आम्हाला दोघातिघांनी सुचवलं. पण आम्ही गेलो होतो ते ती जागा दाखवायलाच. ओठ मिटलेत, मानेची शीर ताठ झालीये, टेबलाखाली डावा पाय जमिनीवर आपटतोय. नाव त्याला माहीत आहे. तोंडातून ते सुटत नाहीये, एवढंच.

तोतरेपणा असलेल्या अनेकांना स्वतःचं नावच सगळ्यात जड जातं. एरवी पळवाटा असतात. ‘भाकरी’ अडली की ‘जेवण’ म्हणता येतं. ‘मामा’ अडला की ‘ते’ म्हणून भागतं. समोरच्याला पत्ताही लागत नाही. नावाला मात्र दुसरा शब्द नाही. गावाला नाही. आकड्याला तर नाहीच, आणि याची रोजची भाकरी आकड्यांवर.

[दृश्य: सांगली बसस्थानक. पाट्या, गर्दी.]

बसमध्ये कॅमेरा नेता आला नाही, म्हणून हे त्याच्याकडून ऐकलेलं. तासगावला उतरायचं असतं. कंडक्टर दोन सीट पुढे आलेला असतो. ‘त’ निघणार नाही हे आधीच कळतं. मग विट्याचं तिकीट काढायचं आणि तासगावला उतरायचं. जादाचे पैसे स्वतःच्या खिशातून. कॉलेजची सगळी वर्षं हे चाललं.

[दृश्य: घर. आई कपाटातली डबी उघडून दाखवते.]

डबीत वेखंड आहे. लहानपणी ते उगाळून, मधात कालवून जिभेला लावलं. अक्कलकाढा चोळून झाला. तोंडात गारगोट्या ठेवून वाचायला लावलं. जिभेखालचा पडदा कापला की मोकळं बोलेल, असंही कुणीतरी सांगितलं. ते तेवढं आजीने होऊ दिलं नाही. या सगळ्यात माया होती. पण दोष जिभेत नव्हताच.

तोतरेपणा साधारण दोन ते पाच या वयात सुरू होतो. शंभरातल्या पाचेक मुलांना तो कधी ना कधी होतो. बहुतेकांचा आपोआप जातो, मोठेपणी शंभरात एखाद्याचा राहतो. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. मेंदूत बोलण्याची जुळणी करणाऱ्या भागांची घडण आणि काम थोडं वेगळं असतं, आणि बऱ्याचदा ते घराण्यातून येतं. 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्याशी निगडित जनुकं दाखवून दिली. याच्या चुलत्यालाही हाच त्रास आहे. तरी गावात अजून सांगतात, पोरगं लहानपणी भ्यालं म्हणून असं झालं. भीतीने तोतरेपणा येत नाही. तोतरेपणामुळे भीती येते, आणि एकदा आली की मुक्काम ठोकते. फोन दुपारी करायचा असेल तर सकाळपासून पोटात गोळा.

2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड शहराची लोकसंख्या 5 लाखांच्या वर होती. शंभरात एक धरला तरी हिशोब हजारांत जातो. मग ही माणसं आहेत कुठे? गप्प आहेत. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो याच गावात. खड्या आवाजाचं इथे पहिल्यापासून कौतुक.

[दृश्य: गल्लीतलं मंदिर, आरती. तो टाळ वाजवत गातोय.]

इथे नीट ऐका. एक अक्षर अडत नाही. सगळ्यांबरोबर एका ठेक्यात म्हणताना तोतरेपणा बहुतेकदा नाहीसा होतो. आरती संपली, शेजारच्याने “कधी आलास?” विचारलं की पुन्हा तेच.

[दृश्य: कृष्णेचा घाट, रविवार सकाळ. मागे आयर्विन पूल. पायऱ्यांवर पाच-सहा जण.]

या गटात मास्तर कुणी नाही, फी नाही. सगळे अडखळणारेच. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. वाक्य कुणी पुरं करून द्यायचं नाही, हा इथला एकच कडक नियम. ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नको’ म्हणायलाही बंदी. त्याने गाठ आणखी आवळते. इथे जे शिकतात त्यातलं बरंचसं चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन वाक्‌उपचारतज्ज्ञाचं. तो स्वतः तोतरा होता. शब्द अडला की जोर लावायचा नाही. अडलेल्या जागीच थांबायचं, ओठ कुठे दाबले गेलेत ते ओळखायचं, हळूहळू सैल करायचं आणि शब्द पुढे सरकवायचा.

आणि मग हे, मुद्दाम अडखळायचं.

[दृश्य: भडंगाचं दुकान. तो गिऱ्हाईक म्हणून उभा.]

“भ-भ-भ-भडंग. पाव किलो.” यातला एकही ‘भ’ आपोआप आलेला नाही. लपवायचं तेच उघड्यावर मांडलं की पकडले जाण्याची भीती उरत नाही, अशी ही युक्ती. दुकानदाराचा चेहरा बघा. पुडी बांधायच्या नादात त्याचं लक्षही नाही. मित्र बाहेर उभा राहून हसतोय. पुढच्या दुकानात त्याची पाळी.

मुलाखतीच्या भीतीने सोडलेली बँकेची नोकरी, तोंडी परीक्षेला न गेल्यामुळे वाया गेलेलं वर्ष, मोडलेलं एक स्थळ, हे सगळंही आहेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा अक्षमता येते, पण तिच्या व्याख्येत तोतरेपणाचा उल्लेख नाही.

[दृश्य: पुन्हा अडत दुकान. त्याच्या हातात फोन.]

आधी तो शेतकऱ्यांना दर व्हॉट्सॲपवर पाठवायचा. आता फोन करतो. पलीकडे कसबे डिग्रजचे एक काका आहेत. स्पीकर चालू आहे. ‘पंधरा’चा ‘प’ अडलाय. तो थांबलाय. काकाही थांबलेत. आकडा पोचतो आणि पलीकडून भडका उडतो, “एवढाच? अरं, माल बघितला का न्हाई त्यांनी? राजापुरी हळद हाय ती!”

आता भांडण दरावर आहे. तो अडखळत, पण आवाज चढवून सांगतोय की माल ओला होता.