बूट होताना लिनक्स नेमके कुठे अडते? बाह्य ड्राइव्ह आणि बूटलोडरची दुरुस्ती

मित्रहो, बाह्य ड्राइव्हवर बसवलेले लिनक्स कालपर्यंत व्यवस्थित चालत असते, आणि आज तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडला की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात आणि पुढे काहीच हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण दुरुस्तीची म्हणून जी पहिली कमांड हाती लागते ती चालवून मोकळे होतात, आणि पुष्कळदा संगणकाच्या आतल्या डिस्कवरची धडधाकट सिस्टीमही त्या भरात बंद पाडून बसतात. माझा आग्रह एवढाच आहे की कोणत्याही कमांडला हात घालण्यापूर्वी बूट कोणत्या टप्प्यावर थांबले ते ओळखावे, आणि दुरुस्ती अशी करावी की बूट होण्यासाठी लागणारी प्रत्येक फाइल त्या एकाच ड्राइव्हवर असेल.

आजचे बहुतेक संगणक यूईएफआय फर्मवेअरवर, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमवर, चालतात. हे फर्मवेअर आपल्या स्थायी मेमरीत बूट होऊ शकणाऱ्या प्रणालींच्या नोंदी ठेवते, आणि प्रत्येक नोंदीत ड्राइव्हच्या विशिष्ट भागाचा, म्हणजे पार्टिशनचा, ओळखक्रमांक व त्यावरील फाइलचा मार्ग असतो. ही मेमरी मदरबोर्डवर असते, ड्राइव्हवर नाही. त्यामुळे एका संगणकावर लिनक्स बसवताना तयार झालेली नोंद दुसऱ्या संगणकाला माहीत असण्याचे काही कारणच नाही. इतकेच नव्हे, तर ड्राइव्ह काढून संगणक एकदा सुरू केला की काही फर्मवेअर ती नोंद निरुपयोगी समजून पुसूनही टाकतात, आणि मग ड्राइव्ह पुन्हा त्याच संगणकाला जोडला तरी तो बूट होत नाही.

काढता-घालता येणाऱ्या माध्यमांसाठी यूईएफआयने एक ठरावीक मार्ग राखून ठेवला आहे. ड्राइव्हवरच्या ईएफआय सिस्टीम पार्टिशनमध्ये, म्हणजे फॅट पद्धतीच्या त्या छोट्या पार्टिशनमध्ये, ‘ईएफआय’ फोल्डरच्या आत ‘बूट’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल असते. कोणतीही नोंद नसली तरी फर्मवेअर हीच फाइल शोधते. इन्स्टॉलेशनसाठीचा पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकावर चालतो तो याच फाइलमुळे, आणि तुमच्या बाह्य ड्राइव्हवर ती नसेल तर तो ड्राइव्ह एका मदरबोर्डला कायमचा बांधला गेला असे समजावे.

पुढची अडचण याहून त्रासदायक आहे, कारण ती लिनक्स बसवतानाच नकळत तयार होते. काही इन्स्टॉलर, बूटलोडरसाठी (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) बाह्य ड्राइव्ह निवडला असला तरी, संगणकात आधीपासून असलेले ईएफआय पार्टिशन वापरतात. परिणाम असा की लिनक्सची मुख्य फाइल प्रणाली बाह्य ड्राइव्हवर जाते आणि बूटलोडर मात्र आतल्या डिस्कवर बसतो. जोपर्यंत दोन्ही एकाच संगणकाला जोडलेले असतात तोपर्यंत काहीच जाणवत नाही. ड्राइव्ह दुसरीकडे नेला की तो सुरू होत नाही, आणि ड्राइव्ह काढलेला असताना मूळ संगणकही ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरच्या, रिकाम्या प्रॉम्प्टवर (कमांडची वाट पाहणाऱ्या ओळीवर) येऊन उभा राहतो. म्हणून बाह्य ड्राइव्हवर लिनक्स बसवताना आतल्या डिस्कची केबल काढावी, ते शक्य नसेल तर फर्मवेअरच्या सेटिंगमधून ती डिस्क तात्पुरती बंद करावी. त्यात दहा मिनिटे जातात, पण पुढचा मोठा मनस्ताप टळतो.

आता पडद्यावरच्या ओळींकडे वळू. तेथे दिसणारा संदेश नेमका कोण देत आहे, हा निदानातला पहिला प्रश्न आहे. बूट होण्याजोगे उपकरण सापडले नाही असे म्हणणारे फर्मवेअर असते, आणि अशा वेळी लिनक्सच्या अंतरंगात शिरण्यात काही अर्थ नसतो. डिजिटल सही अवैध असल्याची तक्रार सिक्युअर बूटची, म्हणजे मान्य सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणाऱ्या फर्मवेअरमधल्या व्यवस्थेची, असते. ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबचा गाभा चालू झाला आहे, पण त्याला त्याचे मॉड्यूल (गरजेनुसार जोडले जाणारे छोटे भाग) असलेले फोल्डर सापडत नाही. नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट आला तर बहुधा मेनूची फाइल सापडलेली नसते. आणि ‘इनिटरामएफएस’ (मुख्य फाइल प्रणाली सापडेपर्यंत मेमरीत चालणारी लिनक्सची छोटी तात्पुरती प्रणाली) असा प्रॉम्प्ट दिसला तर बूटलोडरने आपले काम पूर्ण केले आहे, दोष त्याच्या पुढे आहे. याच शेवटच्या अवस्थेत ग्रब पुन:पुन्हा बसवत राहणारे लोक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, आणि त्यांचा वेळ वाया जाताना पाहून वाईट वाटते.

ग्रब रेस्क्यूवर काय करायचे ते जरा सविस्तर पाहू. तेथे मोजक्याच कमांड चालतात. ‘एलएस’ लिहिले की ग्रबला दिसणाऱ्या डिस्क आणि पार्टिशन कंसात दिसतात, उदाहरणार्थ एचडी०, मग स्वल्पविराम, मग जीपीटी२, म्हणजे पहिल्या डिस्कचे दुसरे पार्टिशन. प्रत्येक पार्टिशनपुढे ‘बूट’ आणि ‘ग्रब’ या फोल्डरांचा मार्ग लिहून पुन्हा ‘एलएस’ चालवावे. बूटसाठी वेगळे पार्टिशन केले असेल तर मार्ग थेट ‘ग्रब’पासून सुरू होतो, आणि लिनक्सच्या फेडोरा कुटुंबात त्या फोल्डरचे नाव ‘ग्रब२’ असते. फाइलींची यादी दिसली की ‘सेट प्रीफिक्स’ने तो मार्ग नेमून द्यावा, ‘इन्समॉड नॉर्मल’ लिहावे आणि शेवटी ‘नॉर्मल’ लिहावे. ओळखीचा मेनू परत येतो. मात्र हा उपाय त्या एका बूटपुरताच आहे, पुढच्या वेळी ग्रब पुन्हा जुन्याच मार्गावर शोध घेतो. डिस्कचे क्रमांक पाठ करण्यातही अर्थ नाही, कारण ते त्या त्या संगणकावर फर्मवेअर ज्या क्रमाने डिस्क दाखवते त्यावर अवलंबून असतात.

सिक्युअर बूट चालू असताना वेगळाच गुंता होतो. तेव्हा फर्मवेअर प्रथम मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्रॅम चालवते आणि शिम पुढे वितरणाची, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराची, सही असलेला ग्रब चालवतो. सही केलेल्या ग्रबमध्ये त्याचा शोधमार्ग आधीच कोरलेला असतो. उबुंटूच्या बाबतीत तो ईएफआय पार्टिशनमधल्या ‘उबुंटू’ फोल्डरकडे जातो, आणि तेथे तीन ओळींची एक लहानशी फाइल असते: पहिली ओळ मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) शोधते, दुसरी प्रीफिक्स ठरवते आणि तिसरी खरा मेनू उघडते. ईएफआय पार्टिशनमधल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये शिम आणि ग्रब यांच्या प्रती हाताने टाकल्या पण ही तीन ओळींची फाइल आणायची राहिली, तर सगळे जागच्या जागी दिसत असूनही नुसता ‘ग्रब’ प्रॉम्प्ट येतो. मेनू नाही असे दिसले की मी प्रथम हीच फाइल उघडून तिच्यातला यूयूआयडी, पार्टिशनांचे यूयूआयडी दाखवणाऱ्या ‘ब्लकआयडी’ कमांडच्या उत्तराशी ताडून पाहतो.

महिनोन्‌महिने न वापरलेल्या ड्राइव्हबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० मध्ये ग्रबमधला ‘बूटहोल’ हा दोष उघड झाल्यानंतर जुने, असुरक्षित बूटलोडर नाकारण्यासाठी शिममध्ये ‘एसबॅट’ ही आवृत्तीची पातळी तपासणारी व्यवस्था आली. किमान पातळी संगणकाच्या फर्मवेअरमध्ये नोंदलेली असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने ती वाढवली आणि त्या संगणकांवर जुने शिम असलेली अनेक लिनक्स इन्स्टॉलेशन एकाएकी बूट होईनाशी झाली. असा ड्राइव्ह एका संगणकावर नकार खातो आणि दुसऱ्यावर सुरळीत चालतो. त्यावर उपाय म्हणजे सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करणे, शिम आणि ग्रबची पॅकेज अद्ययावत करणे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे. संगणकात बिटलॉकरने कुलूपबंद केलेले विंडोज असेल तर मात्र त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावू नका.

आता ग्रबच्या पलीकडचा टप्पा. अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असा इशारा देऊन ‘इनिटरामएफएस’ प्रॉम्प्ट आला, तर तेथेच काही सेकंद थांबून ‘ब्लकआयडी’ चालवावे. आता ड्राइव्ह दिसत असेल तर तो फक्त उशिरा जागा झाला होता, आणि ‘एक्झिट’ लिहिताच डेबियन-उबुंटूमध्ये बूट पुढे सरकते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीत ‘रूटडिले’, म्हणजे ड्राइव्हची वाट पाहण्याचा वेळ, वाढवून हे कायमचे सोडवता येते. ड्राइव्ह मुळीच दिसत नसेल तर आधी जोडणी तपासावी. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असते, आणि फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना त्याहून जास्त ओढू शकते. वीज नसलेला हब मध्ये असेल तर तो काढून ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा. त्यानंतर कर्नलच्या मॉड्यूलचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या त्याच्या भागांचा, संशय घ्यावा. फेडोरातले ‘ड्रॅकट’ आणि आर्च लिनक्समधले ‘एमकेइनिटसीपीआयओ’ ही इनिटरामएफएसची प्रतिमा बनवणारी साधने सामान्यपणे ज्या संगणकावर ती प्रतिमा बनते त्याच्याच हार्डवेअरपुरते मॉड्यूल घेतात. लॅपटॉपच्या आत असताना बसवलेली डिस्क नंतर काढून यूएसबी खोक्यात घातली तर त्या प्रतिमेत यूएसबी साठवणीचे मॉड्यूल नसण्याचीच शक्यता जास्त. ड्रॅकटमध्ये ‘होस्टओन्ली’ बंद करावे, आर्चमध्ये ‘ब्लॉक’ आणि ‘कीबोर्ड’ हे हुक (प्रतिमा बनवण्याच्या पायऱ्या) ‘ऑटोडिटेक्ट’च्या आधी आणावेत आणि प्रतिमा पुन्हा बनवावी.

खोक्याचाही एक खोल दोष असतो, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. यूएसबी आणि साटा (डिस्कची स्वतःची जोडणी) यांच्यातला दुवा असलेली चिप काही खोक्यांत डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे संगणकाला सांगते. जीपीटीचा, म्हणजे पार्टिशन तक्त्याचा, मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो, म्हणजे एका हिशेबाने तो ५१२व्या बाइटवर आणि दुसऱ्या हिशेबाने ४०९६व्या बाइटवर येतो. त्यामुळे एका खोक्यात पार्टिशन केलेली डिस्क दुसऱ्या खोक्यात घातली की पूर्ण रिकामी दिसते. डेटा जागेवरच असतो. घाबरून नवीन पार्टिशन तक्ता लिहू नका, डिस्क पहिल्या खोक्यात परत घाला.

ड्राइव्हची हुबेहूब प्रत काढणाऱ्यांनाही सावध करतो. ‘डीडी’ कमांडने काढलेल्या प्रतीत यूयूआयडीही तेच राहतात, आणि मूळ व प्रत एकाच संगणकाला जोडल्या तर ग्रब किंवा कर्नल त्यांतली कोणती उचलेल याची खात्री देता येत नाही. आपण बाह्य ड्राइव्हवर काम करतो आहोत असे समजून कोणी आतल्याच डिस्कवर फाइली बदलत बसेल. एका वेळी त्यांतली एकच जोडावी, किंवा प्रतीचे यूयूआयडी बदलून फाइल प्रणालींची एफएसटॅब यादी आणि ग्रबचा मेनू दोन्ही नव्याने तयार करावेत.

प्रत्यक्ष दुरुस्ती लाइव्ह (न बसवता थेट लिनक्स चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून करावी, आणि तो यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावा. बाह्य ड्राइव्हचे मुख्य पार्टिशन माउंट करावे (म्हणजे फोल्डरसारखे जोडावे), त्याच ड्राइव्हचे ईएफआय पार्टिशन त्यात बूटखालच्या ‘ईएफआय’ जागी माउंट करावे, ‘डेव्ह’, ‘प्रोक’, ‘सिस’ आणि ‘रन’ आत जोडून ‘सीएचरूट’ करावे, म्हणजे पुढच्या कमांड त्या ड्राइव्हवरच्या लिनक्समध्येच चालतात. मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे बूटलोडर त्या राखीव मार्गावर बसतो आणि फर्मवेअरच्या नोंदींना हात लागत नाही. फेडोरामध्ये यूईएफआयवर ही कमांड चालवू नये, तेथे शिम आणि ग्रबची पॅकेज पुन्हा बसवावीत. ग्रबऐवजी सिस्टीमडी-बूट हा बूटलोडर वापरणाऱ्यांना वेगळे काही करावे लागत नाही, कारण ‘बूटसीटीएल इन्स्टॉल’ राखीव मार्गावरही प्रत ठेवते.

सीएचरूटमधून बाहेर पडण्यापूर्वी एफएसटॅब उघडून ‘बूट-ईएफआय’च्या ओळीतला यूयूआयडी पाहावा. तो आतल्या डिस्कच्या पार्टिशनचा असेल तर आजची दुरुस्ती ग्रबच्या पुढच्या अपडेटपर्यंतच टिकेल, कारण अपडेट त्या ओळीवर विसंबूनच बूटलोडर कुठे लिहायचा ते ठरवते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ग्रबचे पॅकेज ‘डीपीकेजी-रीकन्फिगर’ने पुन्हा ठरवताना, काढता-घालता येणाऱ्या माध्यमाच्या मार्गावरही प्रत ठेवायची का, या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे, आणि फर्मवेअरच्या नोंदी बदलायच्या का, याला ‘नाही’. मग संगणक बंद करून आतली डिस्क वेगळी करावी आणि ड्राइव्ह एकटा सुरू होतो का ते पाहावे. शक्य असेल तर हीच चाचणी दुसऱ्या बनावटीच्या संगणकावरही घ्यावी.