जेजुरी : अर्ध्या वाटेवरची बाणाई

श्रोतेहो, नमस्कार.

दिवे घाट चढून सासवडमार्गे पुण्याहून जेजुरी सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि रस्ता चांगला झाल्यापासून बरीच मंडळी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परततात. गड चढायचा, रांगेत उभे राहायचे, भंडारा उधळायचा, फोटो काढायचे आणि उतरायचे, एवढ्यात त्यांची जेजुरी आटोपते. या घाईत वाटेवर मागे राहून जाणाऱ्या एका लहानशा देवळाविषयी मला आज बोलायचे आहे, कारण खंडोबा कोणाकोणाचा देव आहे हे, माझ्या मते, गाभाऱ्यापेक्षा तिथेच अधिक नीट कळते.

लोकांच्या तोंडी जेजुरीच्या गडाला नवलाख पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात जुन्या दीपमाळा आणि कमानी पाहत पाहत चढले तरी अर्ध्यापाऊण तासात माथा गाठता येतो. नव्या नवरीला नवऱ्याने उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, ही इथली चाल. घामाघूम नवरदेव आणि त्याला हसणारी वऱ्हाडी मंडळी लग्नसराईत हटकून दिसतात. त्यांच्या गलक्यातून वर सरकले की साधारण अर्ध्या चढावर बाणाईचे देऊळ लागते.

बाणाई ही खंडोबाची दुसरी पत्नी. पहिली म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचे देवाशी लग्न सातारा जिल्ह्यातल्या पालीला लागले, आणि पौष महिन्यात तिथल्या यात्रेत ते अजूनही लागते. बाणाई मात्र धनगराची. तिच्यासाठी देव वेश पालटून चंदनपुरीला तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहिला आणि त्याने मेंढ्या राखल्या, असे देवाला वाहिलेले वाघ्यामुरळी जागरणात दिमडी-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर गातात. बाणाईला घेऊन देव जेजुरीला आला तेव्हा म्हाळसेने घर डोक्यावर घेतले, दोघी सवती कडाकडा भांडल्या, आणि शेवटी म्हाळसा गडावर व बाणाई अर्ध्या वाटेवर अशी वाटणी झाली. या भांडणाची गाणी ऐकताना बायका जितक्या मनापासून हसतात, तितक्या दुसऱ्या कोणत्या देवाच्या संसाराला हसत असतील असे मला वाटत नाही. शिंप्यांची रंभाई आणि माळ्यांची फुलाई याही देवाच्याच बायका मानल्या जातात. ज्या समाजांत एकमेकांच्या पंगतीला बसणेही अवघड होते, त्यांनी या देवाशी सोयरीक जोडली आणि प्रत्येकाने त्याला आपला जावई केले.

गडकोटाच्या दारातून आत गेले की समोर पितळी पत्र्याने मढवलेले भलेमोठे कासव दिसते. त्याच्या पाठीवर उभे राहून तळी उचलतात: ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून चार-पाच जण ते हातांवर घेतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर करतात. येळकोट हा शब्द कानडीतून आलेला, ‘एळु कोटि’ म्हणजे सात कोटी; मणी-मल्ल या दैत्यांशी लढणाऱ्या मार्तंडाच्या, म्हणजे खंडोबाच्याच, सैन्याची ती संख्या समजतात. कर्नाटकातला मैलार तो हाच. आज दिसणाऱ्या तटाचे आणि ओवऱ्यांचे पुष्कळ बांधकाम अठराव्या शतकात होळकरांनी करवले. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घराण्यातल्या मल्हाररावांचे नावच या देवाचे, आणि हाती आलेली दौलत त्यांनी व त्यांच्या वारसांनी कुलदैवताच्या पायाशी सढळ हाताने ओतली. अहिल्याबाईंनी सासूसासऱ्यांच्या स्मरणार्थ बांधलेले मल्हार-गौतमेश्वराचे मंदिर खाली गावात आहे. तेही चुकवू नये.

भंडाऱ्याविषयी एक तक्रार करतो. तो हळदीचाच असावा. स्वस्त पिवळ्या भुकटीने डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते, आणि पायऱ्यांवर ओल असली की पाय घसरतो. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी जेजुरीत येते तेव्हा वारकऱ्यांवरही भंडारा उधळला जातो आणि बुक्क्याचे काळे कपाळ घटकाभर पिवळे होते. तो दिवस साधून जाता आले तर जावे.

याच गडाला नवसापोटी मुली मुरळी म्हणून सोडल्या जात, हेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध आवाज उठवला, १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, तरी चाल मोडायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. देवाची बायको म्हणून म्हाळसा-बाणाईची गाणी गाणाऱ्या मुरळीला गावाने कसे वागवले, हा प्रश्न त्या गाण्यांतला विनोद ऐकतानाही माझ्या मनातून जात नाही.

अंगात बळ असेल तर गडकोटावर न थांबता कडेपठारी जावे. देवाचे जुने ठाणे ते; चढ उभा आहे, गर्दी पुष्कळ कमी असते, आणि वरून कऱ्हेच्या खोऱ्यातली शेते दूरवर दिसतात. सोमवती अमावास्येला देवाची पालखी स्नानासाठी त्याच कऱ्हेवर जाते. दसऱ्याच्या रात्री मात्र कडेपठाराची पालखी डोंगर उतरते, गडाची पालखीही निघते आणि मधल्या रमण्यात दोन्हींची भेट होते. सकाळी पालखी गडावर परतली की बेचाळीस किलोंच्या आसपास वजनाचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ लागते, आणि कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसे मागच्या वर्षी तो कोणी किती वेळ धरला होता यावर वाद घालत असतात.