निखाऱ्यावरची सार्डीन

दुपारचे साडेबारा. पोर्तुगालच्या उत्तरेला, पोर्तो शहराला अगदी लागून असलेलं मातोझिन्योश. मासेमारी बंदराजवळच्या या गल्लीत खाणावळींच्या दारातच, फुटपाथवर, शेगड्या पेटल्यात. लोणारी कोळसा फुललाय आणि माशाचा वास पार चौकापर्यंत गेलाय.

जाळीवर सार्डीन आहे, आपल्या तारलीच्याच कुळातली. हळद नाही, तिखट नाही, आलं-लसूण नाही. फक्त जाडं मीठ. मासा साफही करत नाहीत, खवल्यांसकट अख्खा ठेवतात. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पचत नाही. पण पोट फाडलं नाही की आतला रस आतच राहतो, मांस सुकत नाही.

आणि महिना जूनचा आहे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेचे वारे सुटतात, खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, त्यात बारीक जीव वाढतात आणि ते खाऊन सार्डीन पोसते. २४ जूनला सेंट जॉनचा सण असतो. 'सेंट जॉनला सार्डीन पावावर ठिबकते,' अशी इथली म्हणच आहे.

ती ठिबकते म्हणजे काय, ते बघा. पावाच्या जाड कापावर मासा ठेवलाय. हातानंच खायचा. कातडी अलगद सुटते. एका बाजूचं मांस काट्यावरून ओढून घ्यायचं, मासा उलटायचा, मग दुसरी बाजू. तोवर खालचा पाव तेल पिऊन मऊ झालेला असतो. तो सगळ्यात शेवटी. मला विचाराल तर या जेवणाचा जीव त्या पावात आहे. सोबत उकडलेले बटाटे आणि भाजलेली ढोबळी मिरची.

टेबलावर साधा कागद अंथरलेला. बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह येतात. ते फुकट नसतात, खाल्ले तर बिलात लागतात. नको असतील तर सरळ परत द्या. एकटेच असाल तर 'मेया दोझ' म्हणा, म्हणजे अर्धी प्लेट. तीही बहुतेकदा एकाला पुरून उरते.

शेजारच्या टेबलावर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या आल्यात. ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू आणि वर मूठभर कोथिंबीर! युरोपच्या बाकीच्या स्वयंपाकात कोथिंबीर क्वचितच दिसते, इथं ती घरचीच आहे. बटाट्याला इथंही 'बताता'च म्हणतात, आणि आपला पाव तर यांच्याच भाषेतून आलेला. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. किल्ला पडका झाला, शब्द मात्र आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरात आहेत.

बाहेर शेगडीपाशी उभा असलेला माणूस अजून जेवलेला नाही. तो जाळी उलटतो. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो आणि जाळ उठतो. तो पाणी मारत नाही. जाळी वीतभर उचलून धरतो, जाळ बसेपर्यंत थांबतो आणि पुन्हा खाली ठेवतो.