आधी गोळी कोणी झाडली?

ज्यांनी हा सिनेमा बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी आधी एक दृश्य सांगतो, कारण आजचं निम्मं बोलणं त्या एका सेकंदाभोवतीच फिरणार आहे. १९७७ चा स्टार वॉर्स. वाळवंटातलं एक बंदराचं गाव, तिथला कळकट बार, कोपऱ्यातल्या टेबलावर हान सोलो बसलाय, म्हणजे हॅरिसन फोर्ड. समोर ग्रीडो, हिरव्या कातडीचा, हानची सुपारी घेऊन आलेला, पिस्तूल सरळ छातीवर रोखलेलं. जब्बा नावाच्या गुंडाचे पैसे हानच्या अंगावर आहेत. दोघं बोलतायत, आणि आता हानचे हात बघा. एका हाताने तो बाजूची भिंत नखाने खरवडतोय, अगदी निवांत, आणि दुसरा हात टेबलाखाली हळूहळू पिस्तूल सोडवतोय. मग फाडकन आवाज, धूर, ग्रीडो टेबलावर पालथा. हान उठतो, जाता जाता बारवाल्याकडे नाणं टाकतो, पसाऱ्याबद्दल सॉरी म्हणतो आणि चालू लागतो.

हा माणूस कोण आहे, कसा जगत आलाय, हे तुम्हाला तिथे कळतं, कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणि हाच माणूस शेवटी मित्रांसाठी परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो तो यामुळेच, कारण आपण त्याला त्या टेबलावर बघितलेलं असतं.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते आतेभावाने गल्फमधून आणलेल्या कॅसेटवर, पट्टी इतकी घासलेली की आकाशात तारे जास्त की ठिपके जास्त ते कळायचं नाही, पण पाठ होता सिनेमा. मग २००४ साली डीव्हीडी आली, मी पैसे साठवून घेतली, रात्री लावली, आणि त्या दृश्यात ग्रीडोनेही गोळी झाडली, हातभर अंतरावरून, आणि ती हानच्या डोक्याशेजारून भिंतीत गेली. मी मागे नेऊन परत बघितलं, परत परत बघितलं. मला खरंच वाटलं की माझीच आठवण चुकतीये, लहानपणी नीट बघितलं नसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, बदललेल्या सिनेमाचं सगळ्यात वाईट हे असतं की तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लागता, आणि ताडून बघायला हातात काही नसतं.

तर झालं होतं असं. सिनेमाला वीस वर्षं होणार म्हणून नव्वदच्या दशकात मूळ निगेटिव्ह बाहेर काढली, तर ती मळलेली, रंग उडालेले. ती धुतली, रंग दुरुस्त केले, हे काम अत्यंत मोलाचं होतं, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण जॉर्ज ल्युकसला, म्हणजे ज्याने हे सगळं रचलं आणि पहिला भाग दिग्दर्शित केला त्याला, सोबत आणखी एक करायचं होतं. १९७७ ला पैसा, वेळ आणि तंत्र कमी पडल्यामुळे जे जमलं नव्हतं ते आता कंप्युटरवर करून घ्यायचं. म्हणून ३१ जानेवारी १९९७ ला पहिला भाग स्पेशल एडिशन म्हणून अमेरिकेत परत लागला, फेब्रुवारीत द एम्पायर स्ट्राइक्स बॅक, मार्चमध्ये रिटर्न ऑफ द जेडाय. आणि हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की लोकांनी तुडुंब गर्दी केली, वीस वर्षं जुन्या सिनेमाने पहिल्या वीकेंडला साडेतीन कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ज्यांनी कधी मोठ्या पडद्यावर बघितला नव्हता ती पोरं आईबापांना घेऊन गेली. नाराजी तिथूनच सुरू झाली, पण आनंदही तितकाच होता, आणि बहुतेकांना वाटलं असणार की जुना सिनेमा काय, आहेच की घरी कॅसेटवर.

बदल सगळे वाईट नव्हते. एम्पायरमध्ये ढगातल्या शहराच्या पांढऱ्या भिंतींना खिडक्या पाडल्या आणि बाहेरचा संध्याकाळचा उजेड आत आला, ते मला आजही आवडतं. यानांभोवती जुन्या ऑप्टिकल कामामुळे दिसणाऱ्या चौकटी पुसल्या, छान केलं. पण जब्बाचं दृश्य घ्या. १९७६ ला शूटिंगच्या वेळी जब्बा म्हणून एक जाडजूड नट उभा होता, त्याच्यावर नंतर काहीतरी बसवू असा विचार होता, ते जमलं नाही, दृश्य कापलं आणि त्यातला काही मजकूर ग्रीडोच्या तोंडी घातला. १९९७ ला ते कापलेलं दृश्य परत आणलं आणि त्या नटाच्या जागी कंप्युटरचा गोगलगायीसारखा जब्बा बसवला. आता पंचाईत अशी की फोर्ड बोलता बोलता त्या नटाच्या मागून चालत गेला होता, आणि जब्बाला तर मागे लांबलचक शेपूट. मग काय केलं, तर फोर्डची आकृती त्या फ्रेम्समध्ये तेवढी वर उचलली, म्हणजे तो शेपटीवर पाय देऊन गेल्यासारखं दिसावं. बघा कधी नीट, माणूस चालत चालत एकदम कागदी चित्रासारखा वर सरकतो आणि खाली येतो. शिवाय ग्रीडोने पाच मिनिटांपूर्वी जे सांगितलं तेच जब्बा परत सांगतो. आणि ज्या जब्बाचं नुसतं नाव ऐकून दोन सिनेमे भीती वाटायची तो तिसऱ्या भागात पहिल्यांदा दिसायचा, ती सगळी वाटच गेली.

ग्रीडोचं म्हणाल तर त्या एका सेकंदाला नंतर वीस वर्षं चैन पडलेलं नाही. १९९७ ला ग्रीडो आधी झाडतो. २००४ ला दोघं जवळजवळ एकदम. २०११ च्या ब्लू-रेला ते अंतर आणखी कमी केलं. आणि १२ नोव्हेंबर २०१९ ला डिज्नी प्लस सुरू झालं त्या दिवशी लोकांनी लावलं तर ग्रीडो मरायच्या आधी ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी ओरडतो, जे आधी कुठल्याच आवृत्तीत नव्हतं. ल्युकसची बाजू अशी की हान पुढे जाऊन नायिकेशी, राजकन्या लेयाशी लग्न करणार, हिरो होणार, तो थंड डोक्याने खून करणारा कसा चालेल, वेस्टर्न सिनेमातल्या जॉन वेनसारखा हिरो समोरच्याला आधी झाडू देतो. मी ती बाजू समजून घ्यायचा खूप प्रयत्न केलाय. पण समोर रोखलेलं पिस्तूल असताना आपला जीव वाचवणं हा थंड डोक्याचा खून कसा? आणि मुळात तो हिरो नव्हता म्हणूनच तर हिरो झाला ना.

मला स्वतःला मात्र यापेक्षा जास्त लागलं ते तिसऱ्या भागाचं. दुष्ट सम्राट कथेच्या नायकाला, ल्यूकला, विजेचे झटके देऊन मारतोय, ल्यूक बापाला हाक मारतोय, आणि तो बाप, सम्राटाचा उजवा हात वेडर, बाजूला उभा. तोंडावर काळा मुखवटा, चेहरा नाहीच. तो फक्त सम्राटाकडे बघतो, मुलाकडे बघतो, परत सम्राटाकडे, आणि मग सम्राटाला उचलतो. एक शब्द नाही. एका मुखवट्यात माणूस बदलताना तुम्हाला दिसतो, हे किती अवघड आहे विचार करा, त्या सूटच्या आत डेव्हिड प्राऊज आहे, त्याने मान वळवण्याशिवाय काय करायचं होतं, आणि तरी दिसतं. २०११ ला तिथे ‘नो’ घातला, आणि मग लांबलचक ‘नोऽऽऽ’. जे प्रेक्षक मनात बोलत होता ते स्पीकरवर बोलून टाकलं. ते ऐकलं तेव्हा मी उठून खोलीबाहेर गेलो होतो.

आणि सेबॅस्टियन शॉ. वेडरचा मुखवटा काढल्यावर जो म्हातारा, थकलेला चेहरा दिसतो तो या ब्रिटिश नटाचा, जन्म १९०५ चा, रंगभूमीवर आयुष्य काढलेला माणूस. सिनेमाच्या शेवटी ल्यूकच्या मेलेल्या गुरूंच्या, ओबी-वान आणि योडाच्या शेजारी तोच प्रकाशात उभा असतो, हसतो. १९९४ ला तो वारला. २००४ च्या डीव्हीडीत त्या शेवटच्या शॉटमधून त्याला काढलं आणि तरुण हेडन क्रिस्टेन्सनला बसवलं, ज्याने नंतरच्या सिनेमांत तरुणपणीचा वेडर केला. क्रिस्टेन्सनचा यात काही दोष नाही. पण ल्यूकने आयुष्यात बापाचा एकच चेहरा बघितला होता, दोनचार मिनिटं, मरताना. त्याला शेवटी एक अनोळखी पोरगा दिसतो आणि तो ओळखून हसतो, हे कसं?

आता लोक म्हणतात, अरे सिनेमा त्याचा आहे, तो काहीही करेल. यावर दोन गोष्टी. एक, एम्पायरचा दिग्दर्शक अर्विन कर्शनर, जेडायचा रिचर्ड मारक्वांड, आणि मारक्वांड तर १९८७ लाच गेला, त्याला विचारायचा प्रश्नच नाही. पहिल्या भागाला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, ते ज्या पोरांनी गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या मॉडेल किटचे तुकडे चिकटवून यानं बनवली, कॅमेरा कंप्युटरने हलवायची यंत्रणा जुळवली, त्यांच्या कामाला. शेवटच्या लढाईतले त्यांचे कितीतरी शॉट्स काढून तिथे कंप्युटरचे घातलेत. म्हणजे ज्याला ऑस्कर मिळालं तेच आज विकत घेतलेल्या सिनेमात सगळं दिसत नाही.

दुसरी गोष्ट ल्युकसचीच. ३ मार्च १९८८ ला तो अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेला होता, तेव्हा जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांना रंग द्यायचा धंदा सुरू झाला होता त्याविरुद्ध. काय तळमळीने बोललाय तो! म्हणाला, नफ्यासाठी किंवा सत्ता दाखवायला कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, उद्या तंत्र आणखी पुढे जाईल आणि नटांच्या जागी ताजे चेहरे बसवता येतील, संवाद बदलता येतील, ओठांची हालचालसुद्धा जुळवता येईल. त्याचा मुख्य मुद्दा कलाकाराच्या हक्काचा होता, मालकाने कलाकाराला न विचारता बदलू नये हा, ते मान्य. पण त्याच साक्षीत तो असंही म्हणाला की या कलाकृती लोकांच्या आहेत, आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहेत. मी या १९८८ च्या ल्युकसच्या बाजूने उभा आहे, शब्दाशब्दाने.

म्हणून मला कोणी विचारलं की तुमची मागणी काय, तर बदलू नका अशी नाहीच. हवं तेवढं बदला. १९७७ ला सुरुवातीच्या मजकुरात ‘एपिसोड फोर’ नव्हतं, १९८१ ला घातलं, तेव्हा कोणी आकांडतांडव केलं नाही. आणि खरं बघायला गेलं तर १९७७ लाही एकच स्टार वॉर्स नव्हता, मोनो आवाजाच्या प्रिंटमध्ये थ्रीपीओ नावाचा यंत्रमानव यानं खेचून धरणाऱ्या ट्रॅक्टर बीमबद्दल एक वाक्य बोलतो जे स्टिरिओत नाहीये, ल्यूकच्या बेरू काकूचा आवाजसुद्धा वेगळा आहे. आवृत्त्या असतातच. राग आहे तो जुनं कपाटात बंद केल्याचा. २००४ ला ल्युकस मुलाखतीत म्हणाला की तुम्ही अर्धवट सिनेमा बघून त्याच्या प्रेमात पडलात त्याबद्दल मला वाईट वाटतं. मग २००६ ला जुने तिन्ही भाग थोड्या दिवसांसाठी डीव्हीडीवर दिले, तेही एक्स्ट्रा डिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कवाल्या मास्टरवरून, नव्या टीव्हीवर मधोमध छोटीशी चौकट आणि चारी बाजूंनी काळं. नव्याने स्कॅनसुद्धा केलं नाही. लोकांनी तरीही घेतलं, कारण दुसरं होतंच काय.

आपल्याला हे परकं वाटायला नको. पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्ये राजा हरिश्चंद्रची जी रिळं उरलीत ती १९१३ ची की दादासाहेबांनीच १९१७ ला पुन्हा केलेल्या सिनेमाची, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. फाळक्यांनी काही लपवलं नव्हतं, जपायची सोयच नव्हती. इथे सोय आहे, पैसा आहे, आणि तरी.

मग हे काम चाहत्यांनी केलं. चेक देशातल्या एका तरुणाने डीव्हीडी, ब्लू-रे, लेझरडिस्क, जुन्या फिल्मचे स्कॅन असं मिळेल तिथून एकेक शॉट जमवून ‘डीस्पेशलाइज्ड’ आवृत्ती जोडली, घातलेलं काढलं, काढलेलं घातलं, वर्षानुवर्षं. दुसऱ्या एका गटाने त्या काळच्या थिएटरमधल्या ३५ एमएम प्रिंट्स मिळवल्या आणि फ्रेम फ्रेम स्कॅन केली, त्याला ‘फोर के सेव्हन्टी सेव्हन’ म्हणतात. कायद्याने यात अडचण आहे हे त्यांना माहितीये, विकत नाहीत, आणि ज्याच्याकडे अधिकृत कॉपी आहे त्यानेच बघावं असं चाहत्यांमध्ये आवर्जून सांगितलं जातं. त्या स्कॅनमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडतं माहितीये, रीळ संपत आल्यावर कोपऱ्यात येणारा तो गोल ठिपका, प्रोजेक्शनवाल्याने दुसरं मशीन चालू करावं म्हणून. आपल्या पिढीने तो बघितलाय, पुढच्या पोरांना सांगावं लागेल तो काय होता.

आणि जून २०२५ मध्ये लंडनला, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या फेस्टिव्हलमध्ये १९७७ ची खरी टेक्निकलर प्रिंट चालवली, लोकांसमोर, ल्युकसफिल्मची तेव्हाची प्रमुख कॅथलीन केनेडी स्वतः सुरुवातीला बोलायला होती. टेक्निकलरच्या त्या पद्धतीत रंग फिल्मवर छापलेले असतात त्यामुळे ते उडत नाहीत. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची वाळू, तीच पिवळी. तिथल्या लोकांनी बारमध्ये हानला बघितलं असेल, एकच गोळी.

बोलणं पुरे. आता जेडायचा जुना शेवट लावतोय, पाचेक मिनिटांचा आहे, गाणंही जुनंच आहे, इवॉक्सचं, म्हणजे त्या जंगलातल्या बुटक्या केसाळ प्राण्यांचं. ल्यूक शेकोटीपासून थोडा बाजूला जातो आणि अंधारात बघतो, तेव्हा उजेडातल्या तिघांमध्ये तो म्हातारा शॉ शोधा. मागचे दिवे घालवता का कोणीतरी?