दुसऱ्याचं मशीन, आपलं शटर

[दुकानातली मागची भिंत. लोखंडी रॅक. प्रत्येक लॅपटॉपला दोऱ्यानं बांधलेली पिवळी चिठ्ठी.]

या रॅकवर आज सकाळी ४१ मशीनं आहेत. त्यातलं एकही माझं नाही.

वरच्या फळीवरचा काळा लॅपटॉप मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचा. यंदाचे सगळे सौदे त्यात आहेत. त्याच्या शेजारचे दोन सीएच्या ऑफिसचे. खालचा सीपीयू सेवा केंद्राचा. जून महिना आहे, दाखल्यांसाठी तिथं रांग लागलीय, त्यामुळं दर दोन तासांनी त्यांचा फोन येतो. कोपऱ्यातला हिंज तुटलेला लॅपटॉप बारावी झालेल्या एका मुलीचा.

किराणा दुकानात फळीवरचा माल दुकानदाराचा असतो. आमच्याकडं फळीवर असतो तो लोकांचा. सांगलीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे काम वीस वर्षांहून जास्त काळ करतोय. धंदा किती वाढला असं कुणी विचारलं की मी हा रॅक दाखवतो. पूर्वी रात्री शटर ओढताना मागं तीन मशीनं असायची. आता चाळीसच्या आसपास असतात. तेवढ्या लोकांची कामं माझ्या कुलपाच्या आत अडकलेली असतात.

[जुनी बॅग उघडली जाते. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, खोडरबर.]

२००३ साली सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतंच. एम-८० गाडी, खांद्याला ही बॅग, आणि ओळखीतून आलेले पत्ते. मशीन लोकांच्या घरी, मी तिथं जायचो. त्या काळात एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात निघाले होते. एकेका क्लासमध्ये दहा-बारा कॉम्प्युटर, आणि रोज त्यातलं एखादं तरी 'डिस्प्ले येत नाही' म्हणून बंद. रॅम, म्हणजे मेमरीचं कार्ड, काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचं, ब्रशनं झटकून परत बसवायची. पट्टीवर धुळीचा आणि हवेनं चढणारा थर बसतो, तो निघाला की संपर्क नीट होतो. बऱ्याचदा तेवढ्यावर मशीन चालू व्हायचं.

मग मदरबोर्डवरचे, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किटवरचे, कपॅसिटर फुगायला लागले. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर अनेक मदरबोर्डांवर खराब प्रतीचे कपॅसिटर बसले होते. त्यांची टोपी वर यायची, कधी आतलं तपकिरी द्रव बाहेर यायचं, आणि मशीन मधेच बंद पडायचं. असा बोर्ड लोकांच्या दिवाणखान्यात बसून दुरुस्त होत नाही. सोल्डरिंगला टेबल लागतं, धूर होतो, वेळ जातो. म्हणून मशीन घरी आणावं लागलं. लोकांची वस्तू माझ्या ताब्यात यायला इथून सुरुवात झाली. पहिली फळी मी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकली होती.

२००६ मध्ये बाजारपेठेत दहा बाय दहाचा गाळा भाड्यानं घेतला. मालकांनी गाळा दाखवताना भिंतीवरची एक मळकी रेघ दाखवली. म्हणाले, "गेल्या साली पाणी इथवर आलं होतं. त्याच्या वर ठेवा सगळं, म्हणजे काळजी नाही." २००५ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या पुढं गेली होती. मी रॅकची पहिली फळी त्या रेघेच्या दीड फूट वर घेतली. त्यांनी सांगितलं त्यापेक्षा जास्तच सावध राहिलो, असं मला वाटलं होतं.

[आगगाडीच्या खिडकीतून पहाट. पुढं ग्रँट रोड स्टेशनचा जिना.]

पार्ट आणायला मुंबई. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. संध्याकाळी परत तीच गाडी, दोन्ही हातांत पिशव्या. लोडशेडिंगच्या वर्षांत त्या पिशव्यांमधून यूपीएसच्या बॅटऱ्या यायच्या, १२ व्होल्टच्या, विटेसारख्या जड. वीज जाताना मशीन मरत नसे, वीज परत येताना मरायचं. तेवढ्या एका कारणानं आमचे कितीतरी महिने निघाले.

पुढं एका माणसाचं काम राहिलं नाही. आयटीआय झालेला एक मुलगा हाताखाली आला. चांगला मुलगा, हात हलका. आणि त्याच्या दुसऱ्या महिन्यात आमच्याकडून ती चूक झाली.

एक व्यापारी कॉम्प्युटर घेऊन आले. म्हणाले, "फॉर्मॅट मारा, फार हळू चालतोय. डेटा डी ड्राइव्हला आहे, त्याला हात लावू नका." मी मान हलवली. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे; फॉर्मॅट म्हणजे कप्पा पुसून कोरा करणं. मुलानं डी ड्राइव्हला हात न लावता सी ड्राइव्ह फॉर्मॅट केला, विंडोज टाकलं, मशीन दिलं. तासाभरात ते परत आले. त्यांच्या सहा महिन्यांच्या पावत्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये होत्या. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. आम्हा दोघांना ते ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही.

मशीन तिथल्या तिथं बंद केलं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवलं. बऱ्याच फाइली मिळाल्या, पण नावं गेलेली. शेकडो फाइली, नुसते आकडे. त्यांच्या मुनीमजींच्या शेजारी बसून एकेक उघडून नाव दिलं. त्यात आठ दिवस गेले. काही पावत्या मिळाल्याच नाहीत. त्या गृहस्थांनी एक शब्द वाईट बोलला नाही, त्याचं जास्त लागलं.

चूक त्या मुलाची नव्हती. एकटा होतो तेव्हा ग्राहकाशी मी बोलायचो आणि हातही मीच लावायचो. आता ऐकणारा एक, करणारा दुसरा. मधलं अंतर भरायला काहीच नव्हतं. त्या आठवड्यात जॉब कार्ड छापून घेतलं. नाव, फोन, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, सोबत चार्जर दिलाय का, बॅग आहे का, स्क्रीनवर ओरखडा आहे का. आणि ठळक अक्षरात एक ओळ: 'डेस्कटॉपवर काही ठेवलंय का?' ती ओळ आजही कार्डावर आहे. आज तिची गरज जास्त आहे. जुन्या हार्ड डिस्कवरची पुसलेली फाइल, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर परत काढता येण्याची आशा असते. एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या चिपवाल्या डिस्कमध्ये, पुसलेली जागा मशीन स्वतःच रिकामी करून टाकतं. तिथं दोन रात्री जागून उपयोग होत नाही.

[पाण्याखालचा रस्ता. बोट. बंद शटरांच्या वरच्या कडा.]

ऑगस्ट २०१९.

कृष्णेला पूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५० च्या पुढं गेलं तेव्हा आम्ही सगळा माल वरच्या फळ्यांवर चढवला. भिंतीवरच्या रेघेचा भरवसा होता. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकानाकडं जाणारा रस्ताच राहिला नाही. मी घराच्या गच्चीत बसून मनातल्या मनात रॅक मोजत होतो, दुसऱ्या फळीवर कुणाचं, तिसऱ्या फळीवर कुणाचं.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं. गाळाचा वास कधी विसरत नाही. २६ मशीनं होती, त्यातली २३ पाण्याखाली गेली होती. माझा स्वतःचा मालही गेला, पण त्याचं दुःख त्या क्षणी आलंच नाही. ही २६ माणसं कोण, हे कळायला पाहिजे होतं. चिठ्ठ्या विरघळल्या होत्या. नोंदवही फुगून विटेएवढी झाली होती.

[नोंदवहीचं पान जवळून. निळी अक्षरं स्पष्ट, काही ओळींच्या जागी नुसता डाग.]

ही ती वही. पान-पान सोडवून, मध्ये वर्तमानपत्र घालून, आमच्या घरात पंख्याखाली वाळवली. माझ्या बायकोनं पंधरा दिवस तेच केलं. बॉलपेननं लिहिलेलं सगळं वाचता आलं. जेलपेनच्या ओळी धुऊन गेल्या. दोन ग्राहक त्या डागांमध्ये गेले, ते पुढं आपणहून आले म्हणून सापडले. आता नोंदी सॉफ्टवेअरमध्ये होतात, त्याची प्रत बाहेरही राहते. तरी कार्ड आणि रात्रीच्या मोजणीची वही कागदाचीच आहे, आणि काउंटरवर जेलपेन ठेवू देत नाही.

भिजलेल्या मशीनला वीज लावून बघायची घाई करायची नाही. बॅटरी काढायची, बोर्डावरचा छोटा सेल काढायचा, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग वाळवण. हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, बुडाली की पाणी तिथून आत जातं. अशी डिस्क आम्ही उघडली नाही. ज्यांना डेटा हवा होता त्यांच्या डिस्का मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडं पाठवल्या. २३ पैकी नऊ मशीनं उठली.

उरलेल्या १४ जणांना एकेक करून फोन केले. काहींची स्वतःची घरं पाण्यात होती. एक शिक्षिका म्हणाल्या, "भाऊ, तुमचं दुकान गेलं आणि तुम्ही माझ्या मशीनचं काय घेऊन बसलाय?" ज्यांनी मागितलं त्यांना जुनं दुरुस्त केलेलं मशीन दिलं. काहींना हप्त्यानं पैसे दिले. विम्याचं विचारायला गेलो तेव्हा समजलं की पॉलिसी दुकानाच्या मालाची असते. ताब्यात ठेवलेल्या परक्याच्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात, आणि आमच्यात ती ओळ नव्हती. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकानं आपली पॉलिसी आजच काढून ही ओळ शोधावी. माझं हे बोलणं ऐकून एकानं जरी ती लिहून घेतली तरी मला बरं वाटेल.

[नवा गाळा, पहिला मजला. काचेआड चार टेबलं.]

म्हणून आता आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत. वयस्कर माणसांना जिन्याचा त्रास होतो, तेव्हा मुलं खाली जाऊन मशीन घेऊन येतात.

२०२० चा लॉकडाउन उठू लागला तसं काम अंगावर आलं. शाळा घरात, ऑफिस घरात, माळ्यावरचा दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही लोकांना चालू करून हवा होता. वर्षभरात आम्ही तिघांचे सात झालो. चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक बारीक पार्ट शोधून बदलायचं काम इथंच सुरू केलं.

त्या टेबलावर बसते ती मुलगी तासगावहून रोज एसटीनं येते. बोर्ड शॉर्ट असला, म्हणजे वीज भलत्याच वाटेनं जात असली, की ती आधी मीटर लावते. तरी नेमका पार्ट सापडला नाही तर बोर्डावर राळेचा पातळ थर देते आणि सप्लायमधून अगदी कमी व्होल्टेज सोडते. जो पार्ट शॉर्ट असतो तो तापतो, त्याच्यावरची राळ वितळून पारदर्शक होते. तांदळाच्या कणीपेक्षा लहान कपॅसिटर, काही पैशांचा. तो काढला की चाळीस हजारांचा बोर्ड उठतो. तिचं ते वाकून बघणं मी कितीदा बघितलंय, तरी दरवेळी थांबतो.

काच मुद्दाम आहे. टेबलावरच्या स्क्रीनही काउंटरकडं तोंड करून ठेवल्यात. काही वर्षांपूर्वी एक ताई लॅपटॉप हातात घट्ट धरून उभ्या होत्या, देत नव्हत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "दादा, त्यात घरचे फोटो आहेत." त्यांना तोंडी शब्द देऊन भागणार नव्हतं. काम करणारा काय उघडतोय हे त्यांना दिसायला पाहिजे होतं. आमच्याकडं फाइल चालते का हे बघायला आमचीच चाचणीची फाइल वापरतात. पासवर्ड घेतला तर मशीन परत देताना तो बदलायला सांगतात. हा नियम मोडणाऱ्याला मी एकदा कामावरून काढलंय.

पैशाचं म्हणाल, तर ऑफिसांचे वार्षिक करार मोठे दिसतात, पण बिल निघतं तेव्हा त्यावरचा १८ टक्के जीएसटी आम्हाला वेळेत भरावा लागतो, ग्राहकाचे पैसे चार महिन्यांनी आले तरी. पगार मात्र दर महिन्याच्या सात तारखेला. पुढच्या पाच वर्षांत अजून एक शाखा काढा असं लोक म्हणतात. मला आधी दोन माणसं अशी तयार करायची आहेत जी माझ्याशिवाय ग्राहकाला नीट प्रश्न विचारतील.

[कपाट उघडतं. जुने लॅपटॉप, चिठ्ठ्या पिवळ्याच्या पांढऱ्या झालेल्या.]

हे न नेलेले. ९० दिवसांनंतर जबाबदारी नाही असं कार्डावर छापलंय. पण टाकायचं कसं? खराब बोर्ड आणि बॅटऱ्या आम्ही नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडंच देतो. पण कुणाची डिस्क त्यात जाऊ देत नाही. या कपाटातलं सगळ्यात जुनं मशीन २०१६ चं आहे. फोन लागत नाही. दरवर्षी दिवाळीत त्याच्यावरची धूळ पुसतो आणि एकदा चालू करून बघतो. चालतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला, तेव्हापासून लोक विचारतायत, मशीन फेकायचं का? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. कितीतरी धडधाकट मशीनं त्यात बसत नाहीत. बँकेचं काम करणाऱ्याला मी नवीन घ्यायला सांगतो. पोराला टायपिंग शिकायचं असेल तर एसएसडी बसवून, विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो. दुकानाला फायदा नवीन विकण्यात आहे, तरीही.

[रात्र. पावणेनऊ. मोजणी.]

शटर ओढायच्या आधी रोज मोजणी. एक जण वही वाचतो, एक जण चिठ्ठीला हात लावतो. आज चौदा आली, बारा गेली. वहीत ४३. रॅकवर ४२.

कुणी काही बोलत नाही. पुन्हा मोजलं. ४२. काउंटरखाली बघितलं, दारामागं बघितलं. मग तासगावची मुलगी पिशवी खांद्याला लावता लावता काचेआड बोट दाखवते. तिच्या टेबलाच्या कडेला अडत्याचा काळा लॅपटॉप, चालू. जुन्या डिस्कवरून नवीन डिस्कवर हळदीचे सौदे कॉपी होतायत. ६१ टक्के. सकाळपर्यंत होईल.

मी वहीत लिहितो, 'चालू ठेवलंय'. बॉलपेननं.

[दिवे जातात. काचेआड स्क्रीनचा निळसर उजेड. शटर खाली येतं.]