मुंबईचा तांब्याचा पैसा आणि अंजदीवची माणसं

नमस्कार श्रोतेहो. आज एका तांब्याच्या पैशाविषयी बोलायचं आहे. मुंबईच्या टांकसाळीतला हा पैसा, नाव कॉपरून. आता फार दुर्मीळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय : मुंबईचं नाणं, इंग्रजी अमलाचं नववं वर्ष. नववं वर्ष, हे लक्षात असू द्या.

नववं, पण कधीपासून? त्यासाठी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जावं लागेल. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाच्या 1661 च्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. सप्टेंबर 1662 मध्ये सर अब्राहम शिपमन शिपाई घेऊन ताबा घ्यायला आला. पोर्तुगीज अधिकारी अडून बसले. नेमकं काय काय द्यायचं, यावरच वाद. बेटावर उतरूच देईनात. मग ही चार-पाचशे माणसं अंजदीवला जाऊन राहिली. पावसाळा आला, ताप आला, माणसं पटापट जाऊ लागली. एप्रिल 1664 मध्ये शिपमनही गेला. शेवटी उरली शंभराच्या आसपास. चार-पाचशेतली शंभर, श्रोतेहो! त्यांना घेऊन शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक मुंबईला आला. 18 फेब्रुवारी 1665 रोजी त्याने बेटाची माती आणि दगड हातात घेतले, बुरुजाच्या भिंतीला हात लावला. झाला ताबा.

'मुंबई आंदण दिली' असं आपण एका वाक्यात शिकवतो, ते मला फार खटकतं. अंजदीवला मेलेली माणसं त्या वाक्यात कुठेच नाहीत.

तर मोजणी सुरू होते त्या मूठभर मातीपासून, 1665 पासून. ईस्ट इंडिया कंपनीला बेट मिळालं 1668 मध्ये, वर्षाला 10 पौंड भाड्याने. टांकसाळ त्यानंतरची, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या वेळची. तरी वर्षं मोजली 1665 पासूनच. म्हणून नववं वर्ष म्हणजे 1674 च्या सुमाराचं.

आणि हो, घरात जुना पैसा सापडला तर देवाच्या भांड्यांसारखा चिंचेने घासू नका. हात जोडून सांगते, घासू नका. अक्षरं झिजतात.

1674 म्हटलं की आपल्याला आठवतो रायगड. राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, असं एक कलम इंग्रजांनी तहात मागितलं. महाराजांनी ते घालायची गरज नाही म्हटलं. नाणं कसाला आणि वजनाला खरं असेल तर मनाई नाही. पण ज्यात रयतेचा तोटा, ते घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही.