मंगळवारची जागा
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पहाट. सावंतवाडी एस.टी. स्थानक. गाडीच्या दारातून हारे (मोठ्या टोपल्या) उतरताहेत.)

सकाळचे साडेसहा. दोडामार्गाकडून आलेली गाडी लागलीय. आधी हारा खाली येतो, मग माणूस. खाली उभी असलेली बाई वरचीला हात देण्याआधी हाऱ्याला हात देते. आज 25 नोव्हेंबर 2025, मंगळवार. सावंतवाडीचा आठवडा बाजार.

(दृश्य: जवळून. फडक्यावर मांडलेले करांदे.)

हे करांदे. बटाट्याएवढे, करड्या सालीचे, अंगावर फोड आल्यासारखे. मांडवावर चढवलेल्या वेलीला लागतात आणि नोव्हेंबर लागला की बाजारात दिसू लागतात. मिठाच्या पाण्यात उकडायचे, सोलायचे आणि चहाबरोबर खायचे. शेजारी तांबडी भाजी, मुळा, वालीच्या शेंगा, सोलं, उकडे तांदूळ. दोन हातांवर सुकी मासळी. यातलं बहुतेक सगळं गावठी. 'गावठी' हा शब्द इथे गिऱ्हाईक खात्री करून घेण्यासाठी विचारतं, आणि विकणारी तो अभिमानाने सांगते.

वजनकाटा आहे, पण तो बाजूला. करांद्यांचे वाटे घातलेत. पाच-सहा नगांचा एक वाटा. घासाघीस होते ती भावावर कमी आणि वाट्यावर जास्त. शेवटी एक करांदा वर टाकला जातो आणि व्यवहार मिटतो. हा वरचा करांदा कुठल्याही बिलात येत नाही.

(निवेदन थांबेल. वीस सेकंद बाजाराचा आवाज.)

(दृश्य: गर्दीतून चालत येणाऱ्या ताई. हातात पत्रकं.)

या ताई नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभ्या आहेत. त्यांचं नाव, पक्ष, चिन्ह आम्ही घेणार नाही. ही फिल्म मतं मागण्यासाठी नाही. बाजारपेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. शहर वाढायचं कसं आणि दुकानं कुठे, कुणासाठी बांधायची, याबद्दल त्यांचं एक ठाम म्हणणं आहे. तेवढ्यासाठी आम्ही दोन मंगळवार त्यांच्याबरोबर फिरलो.

(बाइट, ताई:) "मॉल नको, मोठां दुकान नको, असां मी म्हणणंय नाय. येवंदे. पण तेच्यासाठी ह्यो मंगळवार उठवचो नाय. माझां म्हणणां इतक्याच."

(दृश्य: मोती तलाव. काठावरून सरकत जाणारा लांब शॉट.)

ताईंचं म्हणणं कळायला शहराची ठेवण बघावी लागते. मधोमध 1874 सालचा मोती तलाव. एका बाजूला राजवाडा, दुसरीकडे बाजारपेठ. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी शहरातून, या तलावाच्या काठाने जायचा. गोव्याकडे निघालेली गाडी इथे थांबायची, चहा व्हायचा आणि चितार आळीतून लाकडी खेळणी घेतली जायची.

(दृश्य: चितार आळी. लाकडी फळांची परडी, रंगाचा ब्रश.)

ही लाकडी फळं. आंबा, सीताफळ, मिरची, केळ्याचा घड. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणि वर रंगाचे हात. कारागीर सीताफळाच्या एकेका डोळ्यावर ब्रश टेकवतोय. हा शॉट आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय.

पुढे झारापहून पत्रादेवीला जाणारा चौपदरी रस्ता झाला आणि महामार्ग शहराबाहेरून गेला. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण धावू लागली, तिचं स्टेशन शहरापासून दूर, मळगावात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला, तोही इथून जवळ, पण गोव्याच्या हद्दीत. एकामागून एक सगळे मोठे रस्ते शहराला वळसा घालून गेले. 2001 आणि 2011, दोन्ही जनगणनांत शहराची लोकसंख्या 24 हजारांच्या आसपासच दिसते.

(दृश्य: ड्रोन. नरेंद्र डोंगराकडून शहर, आणि शहराबाहेर उगवलेल्या इमारती.)

वाढ झालीच नाही असं नाही, ती बाहेर झाली. कोलगाव, माजगाव, चराठे ही गावं शहराला खेटून आहेत. नव्या इमारती, गाड्यांची शोरूम, फर्निचरची दुकानं यांची रांग तिकडच्या रस्त्यांवर लागते. त्या जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या, घरपट्टीही ग्रामपंचायतीची. तिथे राहणारा माणूस मात्र डॉक्टरला, शाळेला, बाजाराला शहरातच येतो.

(दृश्य: भिंतीवरचा विकास आराखड्याचा नकाशा. बोट निळ्या रंगावर.)

आता थोडं कागदाकडे वळू. ताई जिथे जातात तिथे ही गोष्ट समजावून सांगतात आणि लोक उभ्याने ऐकतात, म्हणून इथे ती सविस्तर घेतली आहे.

शहराचा विकास आराखडा 1966 च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याखाली होतो. नकाशावर पिवळा रंग निवासी वापराचा, निळा वाणिज्य वापराचा. मंडई, बाजार, बगीचा, शाळा यांच्यासाठी जागा आरक्षित केल्या जातात. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकतींसाठी साधारण महिनाभर मिळतो. महिनाभर नकाशा कचेरीत टांगलेला असतो. बघायला कोण जातं? ज्याची जमीन आहे तो जातो, बिल्डर जातो. फडक्यावर भाजी मांडणारी बाई जात नाही, कारण त्या नकाशात तिच्या नावाचं काहीच नसतं.

आरक्षण पडलं, पण नगरपरिषदेकडे जमीन घ्यायला पैसे नाहीत, हे तर नेहमीचंच. 10 वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक कलम 127 खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत नगरपरिषदेने जमीन घेण्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं आणि जागा मोकळी होते. मंडईची जागा अशी गप्पपणे हातची जाते. मोर्चा निघत नाही, पेपरात बातमी येत नाही.

दुसरा रस्ता समावेशक आरक्षणाचा. डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यभरासाठी आलेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीतही तो आहे. मालकाने आरक्षित जागा स्वतः विकसित करायची, ठरलेला भाग बांधून नगरपरिषदेला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. वाचायला छानच. ताई विचारतात ते इतकंच, की मंडईच्या वाट्याला येणारा तो भाग कुठला? रस्त्यावरचा, की मागचा? तळमजला, की वरचा?

(बाइट, ताई:) "जिन्यान चडान भाजी घेवंक कोण येता सांगा. मी सोता जावचंय नाय. आणि डोक्यार हारो घेवन ती काकी चडतली कशी?"

(दृश्य: एका व्यापारी संकुलाचा रिकामा वरचा मजला. बंद शटर.)

हा वरचा मजला. शटर बंद, ओट्यांवर धूळ. अशी रिकामी मंडई महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला दाखवता येईल. बांधताना ओटे मोजले जातात, पायऱ्या मोजल्या जात नाहीत. उद्‌घाटन होतं, पाच-सात बायका वर बसून बघतात आणि महिन्याभरात खाली रस्त्यावर येतात. मग त्यांना अतिक्रमण म्हणतात.

(दृश्य: ताई दुकानात बसून कागदावर बोट ठेवून वाचताना.)

हा 2014 चा पथविक्रेता कायदा. ताईंच्या दुकानात गल्ल्याखाली त्याची मराठी प्रत आहे, कडा दुमडलेल्या. कायदा सांगतो की शहरात पथविक्रेता समिती हवी. अध्यक्ष मुख्याधिकारी. समितीतले किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत किमान एकतृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हायला हवी. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. जागा बदलायची तर 30 दिवसांची नोटीस. आणि एक कलम ताईंनी लाल पेनाने अधोरेखित केलंय. ज्या नैसर्गिक, म्हणजे परंपरेने आपोआप भरत आलेल्या, बाजारात विक्रेते 50 वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही.

सावंतवाडीचा मंगळवार किती जुना? बाजारातल्या सगळ्यात वयस्क काकींना आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, आये घेऊन यायची, तिची आये तिला घेऊन यायची. बसायची जागा मात्र हलत आली आहे. कधी इथे, कधी तिथे. त्यामुळे वारसा म्हणजे दिवसाचा की जागेचा, हा वाद कागदावर होणारच. ताईंचं उत्तर तयार आहे. त्यांच्या मते बाजार म्हणजे माणसं, आणि माणसं तीच आहेत.

पाहणीबद्दल त्यांची मागणी साधी आहे, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. पाहणी मंगळवारी करा. बुधवारी किंवा गुरुवारी पाहणी करणारे आले तर त्यांना शहरातले रोजचे हातगाडीवाले भेटतील. केर, भेडशी, आंबोली, इन्सुलीहून आठवड्यातून एकदा येणारी बाई त्या यादीत येणारच नाही, आणि पुढे पाच वर्षं ती कागदावर नसेल.

(दृश्य: दुपार. बाजारातली वाहतूक. अडकलेली रिक्षा, मागे रुग्णवाहिका.)

विरोधातलं म्हणणंही आहे. मंगळवारी वाहनं अडकतात, दुकानदारांच्या दारात माणूस पोचत नाही. एका तरुणाने सांगितलं की मोठं दुकान आलं तर त्याला नोकरीसाठी म्हापशाला रोज जावं लागणार नाही. आणि गाळ्यांचं भाडं, लिलाव हे नगरपरिषदेच्या उत्पन्नाचं साधन आहे. ते कमी झालं तर दिवे, पाणी, कचरा यांचा खर्च कुठून भागवायचा, तो हिशेब ताईंनी अजून मांडलेला नाही.

(दृश्य: ताई घरोघरी. दारातल्या तुळशीजवळ उभ्या.)

राज्यात यंदा 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींची निवडणूक एकदम लागली आहे. सावंतवाडीत 2021 च्या अखेरीपासून नगरसेवक नाहीत, कारभार प्रशासकाकडे. जवळजवळ चार वर्षं. या काळात बाजाराबद्दल तक्रार करायची तर ती प्रभागातल्या ओळखीच्या माणसाकडे नाही, अर्ज लिहून कचेरीत. म्हणून या वेळी लोक दारात थांबवून बोलतात. गटार, कुत्रे, नळाची वेळ. ताई सगळं वहीत लिहून घेतात आणि जाता जाता बाजाराचं विचारतात. बहुतेक जण म्हणतात, बाजार तर हवाच. आणि तो आपल्या दारात नको, असंही तेच म्हणतात.

प्रत्येकाला तीन मतं आहेत, प्रभागातल्या दोन जागांसाठी दोन आणि नगराध्यक्षपदासाठी एक. ज्यांच्यासाठी ताई बोलताहेत त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे यातलं एक तरी मत आहे. हारे घेऊन उतरणाऱ्या बायका गावातल्या. त्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या यादीत. ज्या शहरात त्या जन्मभर मंगळवार करत आल्या, तिथे त्यांना मत नाही. ताईंना हे कुणी सांगायला नको, त्यांच्या बरोबरचे कार्यकर्ते रोज सांगतात.

(बाइट, ताई:) "माका सांगतत, ताई, तिकडे कित्याक वेळ घालवतास, ती मतां नाय. मी म्हणतंय, जेवतास ना तेंची भाजी?"

(दृश्य: संध्याकाळ. बाजार उठतोय. फडकी झटकली जाताहेत.)

साडेपाच. शेवटच्या गाडीची घाई. उरलेली भाजी आता वाट्याने नाही, अख्खी उचला, असा भाव. ताई शेवटच्या फेरीला आल्या आहेत. या वेळी हातात पत्रकं नाहीत, पिशवी आहे.

2 डिसेंबरला मतदान. तोही मंगळवार. मतदानाच्या दिवशी आठवडे बाजार बंद ठेवण्याचे आदेश निघतात, हा नेहमीचा रिवाज आहे. ताई ओळीने प्रत्येकीला तेच सांगत चालल्या आहेत, नाहीतर बायका पहाटेची गाडी धरून येतील आणि भाड्याचे पैसे फुकट जातील.

(दृश्य: करांदेवाल्या काकी आणि ताई. कॅमेरा हातात, जवळून. इथून पुढे निवेदन नाही.)

ताई: "काकी, फुडच्या मंगळवारी येव नको हां. बाजार बंद आसतलो. मतदान आसा."

काकी: "आमचां?"

ताई: "तुमचां नाय. आमचां."

काकी: "मगे आता खंयच्या?"

ताई: "9 तारखेक."

(काकी हाऱ्यात बघतात. करांदे एका बाजूला करतात, तांबड्या भाजीच्या चार जुड्या उचलून ताईंच्या पिशवीत घालतात.)

काकी: "ही घेवन जा गो बाय. करांदे रवतत. भाजी रवाची नाय."

(एस.टी.चा हॉर्न. काकी हारा डोक्यावर घेतात. शॉट चालू राहतो, गाडी वळणाआड जाईपर्यंत.)